गुरुवारचा पेपर उघडायच्या आधी हे वाचा

आई, बाबा,

आपलं हे भाड्याचं घर काकांकडून, म्हणजे घरमालकांकडून, विकत घ्यायचा विषय फोनवर काढला की बाबा "बरं बरं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई स्पीकर लावून भांडी आवरायला लागते, म्हणून लिहितीये. पूर्ण वाचा. आई, तूच मोठ्यानं वाच, बाबांचा चष्मा सापडायची वाट बघू नकोस.

आधी टोचणारं सांगून टाकते. गुरुवारी दोन पेपरात, एक मराठी आणि एक इंग्रजी, जाहीर नोटीस येणारे. त्यात आपल्या घराचा पत्ता, फ्लॅट नंबर आणि काकांचं पूर्ण नाव असेल, आणि खाली असेल की सदर फ्लॅटचा मूळ करारनामा गहाळ झाला आहे, कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा काही असेल तर १४ दिवसांत पुराव्यासह कळवावे. ती नोटीस मीच द्यायला लावलीये. पैसे भरून झालेत. आता थांबवता येणार नाही, आणि येत असती तरी मी थांबवली नसती.

बाबा, तुम्हाला काय वाटणार ते मला माहितीये. इतक्या वर्षांत ज्या माणसानं एकदा भाड्यासाठी आवाज चढवला नाही, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तीन महिने "राहू दे" म्हणाला, त्याचं नाव पेपरात "गहाळ" आणि "बोजा" या शब्दांच्या शेजारी. मलाही ते छापायला देताना कसंतरीच झालं. पण काकांच्या मागून नाही केलेलं. मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बसले, अख्खा मजकूर वाचून दाखवला, आणि ते ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाले की माझ्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग सगळे चुकवतात, ते तेवढं बघ. काकू मात्र गप्प होत्या. काकूंना लागलंय, हे खरंय. ते मी भरून काढीन, तुम्ही त्यात पडू नका.

आता हे का करावं लागलं ते परत एकदा, कारण दादा म्हणतो की बाबांना अजून वाटतंय मी उगाच वकिलांच्या नादी लागून लांबण लावतीये.

आपल्या घराचे दोन करार आहेत. एक १९८४चा, बिल्डर आणि पहिल्या मालकाचा. दुसरा १९९१चा, पहिले मालक आणि काकांचा. दुसऱ्याचा मूळ कागद काकांकडे आहे, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पण आहे, त्याच्या मागे काकांच्या नावाची नोंद आहे. नाहीये तो पहिला. नुसती झेरॉक्स. काकांनी मधे धंद्यासाठी या फ्लॅटवर कर्ज काढलं होतं, ते २०११ला फिटलं. बँक म्हणते आम्ही सगळे कागद परत दिले, काका म्हणतात मला एकच मिळाला, आणि त्याच वर्षी काकांनी घर बदललं. कोण खरं कोण खोटं यात मी जातच नाही, दोघंही मनापासून बोलत असतील. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५००० रुपये भरपाई, आणि बँकेकडून हरवला तर नवी प्रत काढून देण्याचा खर्चही बँकेचा. पण तो आपल्या कामाचा नाही. काकांचं कर्ज त्याच्या बारा वर्षं आधी फिटलेलं.

बाबा तुम्ही म्हणालात, कागद हरवला तर हरवला, माणूस तर समोर आहे ना. मी पण आधी तसंच म्हणाले होते. तर वकील मॅडमनी मला विचारलं, हरवलाय हे कुणी पाहिलं? कारण आपल्याकडे घराचा मूळ कागद नुसता दुसऱ्याच्या हातात ठेवून कर्ज काढता येतं, १८८२च्या कायद्यापासून, त्यालाही गहाणच म्हणतात, वेगळा दस्त करावा लागतोच असं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची नोटीस रजिस्ट्रारकडे द्यावी लागते, पण त्याच्या आधीचं काही असलं तर सर्चमध्ये, म्हणजे रजिस्ट्रारकडच्या जुन्या नोंदी तपासताना, दिसेलच असं नाही. म्हणजे काकांनी केलं असं नाही, अजिबात नाही. कागद हिंडता हिंडता तिसऱ्याच कुणाच्या हातात पडला असला तर? आणि उद्या आपण सगळे पैसे देऊन मोकळे झालो आणि तो माणूस दारात आला तर? तेव्हा दार उघडायला आई जाणार, मी नाही. मी इथून किती पोचणार.

म्हणून नोटीस. म्हणून पोलिसात गहाळ झाल्याची नोंद, ती काकांनी केलीये. काकांचं प्रतिज्ञापत्र आणि इन्डेम्निटी बाँड, म्हणजे पुढे काही निघालं तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी, पण होईल. आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसमधून १९८४च्या दस्ताची सर्टिफाइड कॉपी. हे सगळं मिळालं की आपली बँक कर्जाचा चेक सोडणारे, तसं लेखी घेतलंय मी.

सगळा उशीर त्या कॉपीनं केला. झेरॉक्सच्या कोपऱ्यात शिक्का आहे, त्यात दस्त क्रमांकाचा मधला आकडा पसरलाय, ३ आहे की ८ कळत नाही. आम्ही ३ धरून अर्ज केला, तो भलत्याच कुणाच्या जमिनीचा दस्त निघाला. मग जुनी हातानं लिहिलेली सूची बघायला लागली, एवढं जुनं ऑनलाइन नाही, आणि तिथे ८ निघाला. एका आकड्यापायी सात आठवडे. मला नुसती चिडचिड झाली, पण बाबा, तुम्ही त्या आकड्यासाठी मला न सांगता दोनदा त्या ऑफिसात गेलात. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईनं नाही सांगितलं, तिला ओरडू नका, तुमच्या बीपीच्या वहीतच दिसलं, दोन मंगळवार १६० च्या वर. माझ्यासाठी जिने चढू नका हो. मी तुमच्या खांद्यावर बसून शाळेत गेलेली आहे, ते तेवढं पुरे.

आई, आता तुझं. तुला रात्री झोप लागत नाही कारण तुला वाटतं की इतका वेळ झाला तर काका कंटाळून दुसऱ्याला देतील आणि या वयात सामान बांधायला लागेल. नाही होणार. एक तर विसार पावतीत आपण लिहून घेतलंय की कागदांमुळे वेळ लागला तर मुदत आपोआप वाढेल, काकांची सही आहे. दुसरं, समजा व्यवहार मोडलाच, तरी तुम्ही १९९३ पासूनचे भाडेकरू आहात, कायदेशीर भाडं वेळेवर भरणाऱ्या भाडेकरूला मालकाला मनात आलं म्हणून काढता येत नाही, १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं सरळ लिहिलंय. घर विकलं गेलं तरी भाडेकरू तिथेच राहतो, मालक फक्त बदलतो. तेव्हा तू खिडकीतली तुझी जागा सोडणार नाहीयेस. दुपारचं ऊन साडेतीनपर्यंत तुझं.

बाथरूमचं काम मी थांबवणार नाही. दस्त होईल तेव्हा होईल, आधार धरायचा दांडा या महिन्यातच बसतोय, गुळगुळीत फरशी निघणार आणि खरखरीत येणार. काकांना विचारलं. ते म्हणाले विचारतेस काय. पण मला विचारल्याशिवाय करवेनाच, तुम्हीच तसं वाढवलंय. आठवतंय का, भाड्याचं घर म्हणून आपण भिंतीला एक खिळा मारला नाही, कॅलेंडर खिडकीच्या कडीला सुतळीनं टांगलेलं असायचं, वारा आला की ते उडून महिना उलटायचा आणि मला खरंच वाटायचं की वाऱ्यानं सुट्टी जवळ येते. दादाचं बक्षिसाचं सर्टिफिकेट तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. त्याला ते कुणाला दाखवायचं असलं की कपडे बाजूला सरकवायला लागायचे.

हे घर तुमच्या नावावर करायचं मला इतकं का पडलंय असं आई परवा म्हणाली. आई, तू म्हणतेस आमचे किती दिवस राहिले, तुम्हाला लांब राहून काय उपयोग. उपयोगाचं नाहीच आहे ते. मी इकडे राहायचं ठरवलं तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं. परत यायचं जमणार नाहीये, ते मी तुम्हाला सांगितलंय आणि बदलणार नाही. मग निदान हे तरी माझ्या हातून नीट होऊ दे. नीट म्हणजे घाईत नाही.

तर आता नीट ऐका.

बाबा, काकांना एकही चेक द्यायचा नाही. "थोडे तरी देऊन ठेवू, बरं दिसत नाही" हे चालणार नाही. चेकबुक आईकडे द्या. आई, तू ते कुठे ठेवलंस ते मला सांग, बाबांना नाही. नोटीस वाचून कुणी फोन केला किंवा घरी आलं तर बोलत बसायचं नाही, चहापाणी नाही, वकील मॅडमचा नंबर फ्रिजवर लावलाय तो द्यायचा. कशावरही सही नाही, साधी पोच असली तरी आधी फोटो मला. आणि गुरुवारी सकाळी बाबा, तुम्ही पेपर घेऊन काकांकडे माफी मागायला जाणार, मला माहितीये. जाऊ नका. जायचंच असेल तर संध्याकाळी नेहमीसारखे पत्ते खेळायला जा, आणि विषय त्यांनी काढला तरच बोला. गोळी घेऊन जा.

एक काम राहिलं. पत्र्याच्या डब्यातल्या भाड्याच्या पावत्यांचे जे फोटो पाठवलेत त्यातले २००१ ते २००३चे धूसर आलेत, ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीत काढा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागद फाटतो. आणि एक चुकून उलटी पावती आली होती, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, "चिमीला गोवर. आज जरा खाल्लं." मला माहितीच नव्हतं की तुम्ही पावत्यांच्या मागे असं लिहायचात. सगळ्यांच्या मागच्या बाजूचेही फोटो पाठवा. ते वकिलांना नकोयत, मला हवेत.

तुमची,
चिमी