गिरणीवाल्या काकांना जाहीर पत्र

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

आपली फिल्म पुरी झाली. 22 मिनिटांची झालीय. परवा पुण्यात काही मित्रमंडळींना दाखवली. उसाच्या फडातून तो आवाज आला आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं पाय खुर्चीवर ओढून घेतले. तो आवाज तुमच्या गिरणीचा आहे, हे सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितोय.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा जवळ 38,000 रुपये होते आणि वहीत आठ हातांच्या परग्रहवासीयाची चित्रं. त्याचा नुसता सांगाडा करून घ्यायचा तरी निम्मे पैसे संपले असते. तुम्ही हाताचं पीठ झटकून एकेक पान नीट पाहिलंत आणि म्हणालात, "दिसायला कशाला पायजे त्यो? रात्री फडात डुक्कर शिरलं तर दिसतंय व्हय? पाला वाजतोय तेवढाच. त्यानंच माणूस गार पडतंय."

त्याच रात्री मी पटकथेतून प्राणी काढला आणि पाला ठेवला.

दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सचा 2010 सालचा 'मॉन्स्टर्स' हा चित्रपट माझा अतिशय आवडता. पाच लाख डॉलरहूनही कमी खर्चात झालेला. मोजकी माणसं घेऊन तो मेक्सिको, ग्वाटेमालात हिंडला, छोट्या भूमिकांत तिथलीच माणसं उभी केली आणि अडीचशेच्या आसपास दृश्यांवरचं संगणकाचं काम एकट्यानं, घरी बसून केलं. त्यात परग्रहावरचे जीव दिसतात फार थोडे. मोडकी वाहनं, कुंपणं, इशाऱ्याच्या पाट्या यांतूनच धास्ती वाढत जाते. इतक्या वेळा पाहूनही त्यातली खरी गोम मला तुमच्या त्या वाक्यानंतर उमगली.

मग आवाजाचं निघालं. चक्की दळणाशिवाय फिरवून दगडावर दगड टेकवला तर कसा आवाज येईल, असं मी विचारलं. दाणा नसताना दगड घासला की त्याची टाकी, म्हणजे दळणासाठी छिन्नीनं पाडलेला खडबडीतपणा, जाते, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. तरी रात्री शेवटचा डबा गेल्यावर तुम्ही चाक आवळून दगड भिडवलेत. आधी करकर, मग एक लांबलचक किंकाळी आणि मोटर बंद केल्यावर धापा टाकत थांबणारा पट्टा. रेकॉर्डर मी कोंड्याच्या पोत्यावर ठेवला होता. तो आवाज पाव वेगानं वाजवला की दोन सप्तकं खाली उतरतो. मग त्यात गिरणीही उरत नाही आणि ओळखीचं कुठलं जनावरही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर तुम्ही उकिडवे बसून दगडाला टाकी लावत होतात. दारात बायका डबे घेऊन ताटकळलेल्या. काय झालंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला काही बोलायलाच सुचेना. तुम्ही मान वर करून एवढंच विचारलंत, "आवाज बरा आला का?" गिरणी दुपारपर्यंत बंद राहिली, पण त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत.

काका, फार चांगला आला. श्रेयनामावलीत 'परग्रहवासीयाचा आवाज' या ओळीपुढे तुमचं पूर्ण नाव आहे, आणि ती ओळ सगळ्यात आधी येते.

दिवाळीनंतर गावी येतोय. पडदा गिरणीसमोर देवळाच्या भिंतीला बांधू. मोठे स्पीकर मी आणतो. त्या दिवशी डबा घेऊन ताटकळलेल्या सगळ्या मावश्यांना पुढं बसवायचं आहे, तेवढा निरोप काकूंकडून द्या.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
रेकॉर्डरवाला पोरगा