लाइपझिगहून पत्र : आईच्या टाइपरायटरसाठी एक काम

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथील संग्रहालयात भरणाऱ्या मेल आर्टच्या, म्हणजे टपालकलेच्या, प्रदर्शनात मी भाग घेते आहे हे ऐकल्यावर बाबांनी फोनवर विचारले होते की, जिथे आलेले प्रत्येक कार्ड भिंतीवर लागते आणि निवड करणारे कोणी नसते, तिथे आपले काम लागले याचे मोल ते काय? आयुष्यभर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची चित्रे तपासलेल्या शिक्षकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर फोनवर मावणारे नव्हते, शिवाय आईकडे एक मागणेही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षक नाहीत, प्रवेशशुल्क नाही, पाठवलेले काम परत मिळत नाही आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सहभागींची यादी पाठवली जाते, हे नियम या संग्रहालयाने काढलेले नाहीत. टपालकलेत ते अनेक दशके रूढ आहेत. न्यू यॉर्कचा कलावंत रे जॉन्सन ओळखीच्या लोकांना चित्रे आणि कात्रणे पाठवून त्यांत भर घालून परत धाडायला सांगत असे. व्हिटनी म्युझियमने १९७० साली त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा भिंतींवर लागले ते त्याच्या पत्रमित्रांनी संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवलेले टपाल.

पण बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर अमेरिकेत नसून आमच्या या भागात आहे. लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होते. पश्चिमेकडील देशांत जाण्याची परवानगी बहुतेकांना नव्हती; पत्रे मात्र जात होती, जरी गुप्त पोलीस, म्हणजे श्टाझी, ती उघडून वाचत असले तरी. अशा वेळी परीक्षक मंडळ असते, तर त्यावर सरकारची माणसे बसली असती. ज्या प्रदर्शनाला दारच नाही, तिथे दारवान नेमता येत नाही. उरुग्वेच्या लष्करी राजवटीने १९७७ साली क्लेमेंटे पादिन या टपालकलावंताला तुरुंगात टाकले, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी देशोदेशींच्या टपालकलावंतांनी मोहीम चालवली. त्यांच्यापैकी अनेकांची आणि त्याची ओळख केवळ टपालातून झालेली होती. गुण देऊन उतरंड लावणाऱ्या स्पर्धेतून असे संबंध जुळले असते, असे मला वाटत नाही. भिंतीवर बरेच सुमार कामही लागते, हे तुमचे म्हणणे मात्र मला मान्य आहे.

आता आई, तुझ्यासाठी. पूर्व बर्लिनमध्ये रूथ वोल्फ-रेफेल्ट नावाची स्त्री होती. ती कचेरीत काम करून संसार चालवी, आणि १९७० च्या दशकात तिने एरिका नावाच्या साध्या टाइपरायटरवर चित्रे काढायला सुरुवात केली. अक्षरे, स्वल्पविराम आणि आडव्या रेघा एकमेकांच्या अंगाला लावून तिने लाटा, पिंजरे, पेट्या उभ्या केल्या. कार्बन लावून प्रती काढायच्या आणि टपालाने जगभर पाठवायच्या, हा तिचा मार्ग होता. बर्लिनची भिंत पडल्यावर तिने हे काम थांबवले. पुढे २०१७ साली डोक्युमेंटा या जर्मनीतील मोठ्या कलाप्रदर्शनात ते मांडले गेले, तेव्हा ती ८५ वर्षांची होती. त्या चित्रांसमोर मी बराच वेळ उभी होते, आणि खरे सांगायचे तर कलेपेक्षा अधिक मला त्यामागची बोटांची शिस्त दिसत होती, जी मी लहानपणापासून तुझ्या टेबलाशी पाहिली आहे.

तिच्या यंत्रावर रोमन अक्षरे होती. तुझ्या गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर त्याहून कितीतरी अधिक सामग्री आहे. अर्धा 'ण' किंवा अर्धा 'श' आधी मारून मग काना देऊन तो पुरा करायचा, आणि काही चिन्हांच्या कळा अशा की त्या दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही. म्हणून मागणे असे की, या प्रदर्शनासाठी तू त्यावर एक चित्र टाइप करून पाठवावे. प्रदर्शनाचा विषय 'कुंपण' असा आहे. नुसत्या कान्यांची ओळ मारली तरी कुंपण उभे राहते. त्यात वेलांट्या आणि रफार कुठे घालायचे, ते तुझे तू ठरव. मी इथून काही सुचवणार नाही. रिबन वाळली असेल तर लाल-काळी मिळते का ते पाहावे, आणि न मिळाल्यास वाळलेलीच चालवावी. फिकट ठसासुद्धा चांगला दिसतो.

काम कार्डाएवढ्या जाड कागदावर असावे. ते पाकिटात घालू नये, कारण तिकीट आणि टपाल खात्याचा शिक्का हेही त्या कामाचाच भाग समजले जातात. बाबांनी काउंटरवर जर्मनीसाठी किती तिकीट लागते ते विचारून घ्यावे आणि शिक्का हाताने, स्वच्छ उमटेल असा मारून देण्याची विनंती करावी. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. बाबा, जमल्यास तुम्हीही एक चित्र पाठवा. गुण कोणी देणार नाही, एवढे मात्र सोसावे लागेल.

आपली,
सुनीता