कात्रण पाकिटातच राहू द्या

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही "बरं" एवढंच म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र. आईचा चष्मा अजून औशाच्या दुकानातच पडलाय, त्यामुळं हे तुम्हालाच वाचून दाखवावं लागणार.

सप्टेंबरात फौजेत दहा वर्षं पुरी झाली. चार वर्षं वाढवून मागता आली असती, परमनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरीही मागता आली असती. दोन्ही मागितलं नाही. सही करून मोकळी झाले आणि मग तुम्हाला सांगितलं, ते चुकलंच. पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता, आणि तुमच्या गप्प बसण्यापुढं माझं शाळेपासून काही चालत नाही.

फौजेतल्या बायकांनाही परमनंट कमिशन द्या, या सुप्रीम कोर्टाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाचं कात्रण अजून तुमच्या पाकिटात आहे, आई म्हणाली. "कोर्टानं बायकांसाठी दार उघडलं अन् ही बाहेर निघाली," असं पारावर म्हणालात म्हणे. बाबा, माझ्या आधीच्या बहुतेक मॅडमना चौदा वर्षं झाली की निघावंच लागायचं. राहायचं का, हे कुणी विचारतच नव्हतं. मला विचारलं. ज्याला विचारतात त्याला नाही म्हणता येतं, एवढंच मी केलं.

पेन्शन नाही, खरंय. त्याला वीस वर्षं लागतात. ग्रॅच्युइटी बँकेत ठेवलीय, हात लावलेला नाही. इथल्या कंपनीत पगार तिकडच्यापेक्षा थोडा कमी आहे. थोडाच. (ही ओळ आईला वाचून दाखवू नका.)

काम तसं ओळखीचंच. लेहला असताना जोजिला बंद व्हायच्या आत हिवाळाभराचं पीठ, डाळ, रॉकेल वर चढवायचं असायचं. हिशेब चुकला तर जानेवारीत कुणाची तरी बुखारी, खोली ऊबदार ठेवणारी शेगडी, विझणार. इथं गाड्यांचे सुटे भाग आहेत. चुकलं तर लाइन थांबते, बोलणी बसतात, पण कुणी गारठत नाही. मुलाखतीत विचारलं, "ऑर्डर सोडायची सवय असेल, इथं लोक ऐकतील का?" मी म्हणाले, नुसत्या ऑर्डरीवर रात्री दोनला तिकडंही कुणी ट्रक भरत नाही.

पहिल्या दिवशी गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, कुणाला भेटायचं. तिसऱ्या रकान्यात काय लिहावं सुचेना, तर माझंच नाव लिहिलं. तो बिचारा दोन्ही रकाने बघत बसला.

शेवटच्या वर्षी पुनर्वसन महासंचालनालयाचा २४ आठवड्यांचा मॅनेजमेंटचा कोर्स केला, त्यात नफा-तोटा शिकले. रोज सकाळी काय घालायचं हे मात्र शिकवत नाहीत. दहा वर्षं तो प्रश्नच नव्हता. आई, तुझ्या कपाटातल्या त्या दोन इरकली साड्या मी नेणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

खोली चांगली आहे, पाण्याची अडचण नाही. ज्वारीची भाकरी थापून देणाऱ्या मावशी मिळाल्यात. कडक नाही, आईसारखी मऊ.

आणि हे तुमच्यासाठी केलं असं मनात आणू नका. बाबा, तुमच्या शुगरचा यात संबंध नाही. असला तर थोडा. गेल्या हिवाळ्यात तुम्हाला लातूरला ॲडमिट केलं तेव्हा लेहचं विमान दोन दिवस उडालंच नाही. तिसऱ्या दिवशी पोचले तर आई दवाखान्याच्या बाकड्यावर, मांडीवर डबा, तोही तसाच भरलेला. आता रात्री गाडीत बसले की सकाळी दारात.

चेन्नईला माझ्या खांद्यावर स्टार लावताना तुमचा हात इतका थरथरत होता की पिन तुमच्याच बोटात गेली. तुम्ही बोट तोंडात घातलंत, लहान मुलासारखं. "आजीला ज्यांनी मातीखालून काढलं, त्यांच्यातली झालीस," म्हणालात. झाले ना बाबा. ते कुणी काढून घेत नाही.

आता ऐका. अंगणात झोपणं बंद. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला तीसच्या वर वर्षं झाली. हे घर तुम्हीच उन्हात उभं राहून बांधून घेतलंय, प्रत्येक सळई मोजून. थंडी पडायच्या आत बाज आत घ्या. दाराशी लावा हवं तर, दार उघडं ठेवा, पण आत. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. शेतात अनवाणी जायचं नाही. आणि आईचा चष्मा उद्याच आणा. परवा नाही.

येळवसच्या अमावस्येला शेतावर जेवायला येतेय. दहा वर्षांत एकदाही जमलं नाही. उंडे आणि भज्जी जास्त कर आई, गोदामातल्या दोन पोरी सोबत आहेत. त्यांनी येळवस कधी ऐकलेलीच नाही, आंबील म्हणजे काय ते मी सांगत बसले नाही.

कात्रण टाकू नका. पाकीट मात्र फाटलंय म्हणे, नवं घेऊन येते.

तुमची,
बाळी