तुझ्या वहीची मागची पानं

उप्साला,
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा परवा मिळाला. चकल्यांचा चुरा झालाय, पण चिवडा जसाच्या तसा आहे. वाळवून तळलेला कांदा इथल्या थंडीतही कुरकुरीत राहिला. रोज संध्याकाळी एक वाटी घेते. संध्याकाळ म्हणजे तीन वाजता, कारण आता तीनलाच अंधारून येतं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलतेस, आणि हा विषय मला बदलू द्यायचा नाही. पत्र तुला हवं तेव्हा पुन्हा काढून वाचता येईल. बाबांनाही वाचून दाखव.

आधी बातमी. इथल्या विद्यापीठातली नोकरी कायम झाली. गेल्या वर्षी अर्ज केला होता. बाहेरच्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी माझं आजवरचं सगळं लिखाण वाचून अहवाल दिले, मग सर्वांसमोर एक व्याख्यान, मग मुलाखत. दर दोन वर्षांनी नवं शहर, नवं भाड्याचं घर, हे आता थांबलं. बाबांच्या बदल्यांमध्ये तू सामान कसं बांधायचीस ते मला गेल्या काही वर्षांत फार वेळा आठवलं. पितळी भांडी गोधडीत गुंडाळायची ही तुझी पद्धत मी माझ्या पुस्तकांसाठी वापरली.

मुलाखतीत शेवटचा प्रश्न होता, पुढचं पुस्तक कशावर लिहिणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या आईकडे एक वही आहे." आणि मी थांबले. वही तुझी आहे आणि मी तुला विचारलेलं नव्हतं. मग त्यांना दुसराच एक विषय सांगितला. तोही खरा होता, पण मनातला नव्हता. म्हणून हे पत्र.

तुला आठवत असेलच ती वही. १९९९ चा जून, कारगिलचं युद्ध चालू. मी नऊ वर्षांची, दादा सहावीत, बाबा द्रासला, आणि आपण देवळाली कॅम्पातल्या क्वार्टरमध्ये. दुधाच्या हिशोबाची दोनशे पानी वही होती. पुढून दूध, आणि मागून, वही उलटी करून, पत्रं. पोस्टमन साडेअकराच्या सुमारास यायचा. ५६ एपीओचं, म्हणजे फौजी टपालातून आलेलं, पत्र ज्या घरात येईल ती बाई पदराला हात पुसत आपल्या दारात यायची. तू कुणाचं पत्र वाचायची नाहीस. वरची तारीख तेवढी विचारायचीस. चार रकाने होते: क्वार्टर नंबर, लिहिल्याची तारीख, आल्याची तारीख, आणि शेवटी एखाददुसरा शब्द. "बरे आहेत." "सर्दी." "मोजे मागितले." पत्राला किती दिवस लागले ते तू कडेला बारीक आकड्यात लिहायचीस. नऊ, दहा, नऊ, अकरा.

मग एका आठवड्यात तीन घरांची पत्रं सतरा-अठरा दिवसांनी आली. तू त्या तिन्ही ओळींना पेन्सिलीनं एक कंस केलास, आणि शेजारच्या काकूंना हळू आवाजात म्हणालीस, "यांना वर नेलंय." मी दाराआड उभी होते. त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी ठरवलं की हे नळावर बोलायचं नाही, भाजीवाल्यासमोर नाही, माहेरच्या फोनवर तर मुळीच नाही. बाबा परत आल्यावर जेवताना सहज म्हणाले की त्याच दिवसांत तोफा पुढे हलवल्या होत्या. तू काही बोलली नाहीस. भाकरी वाढलीस.

त्या तिघींतल्या एका काकूंचं नाव मी इथं लिहीत नाही. तुला कळेल. त्यांच्या घरी बातमी आधी आली आणि पत्र नंतर. त्यांच्या ओळीत तू पत्र आल्याची तारीख लिहिलीस आणि शेवटचा रकाना कोरा ठेवलास.

ही वही मी कित्येक वर्षं विसरून गेले होते. ती आठवली थेट आफ्रिकेत, लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात.

माझी पीएचडी लायबेरियावर होती हे बाबांना माहीत आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतानं तिथं संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी पाठवली, आपल्या सीआरपीएफच्या मुली. महिलांची अशी तुकडी जगात पहिलीच. ते काम त्यांनी २०१६ पर्यंत केलं. मी गेले होते त्यांचं काम समजून घ्यायला. पण तिथल्या बायका मला त्याच्याही आधीचं सांगू लागल्या. २००३ मध्ये, चौदा वर्षं धुमसणारं यादवी युद्ध संपत नव्हतं तेव्हा, ख्रिश्चन आणि मुसलमान बायका एकत्र येऊन पांढरे टी-शर्ट घालून मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसायला लागल्या. उन्हात, पावसात. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा त्याच रस्त्यानं जायचा. पुढे घानामध्ये वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा त्यांच्यातल्या काही तिथं गेल्या आणि सभागृहाची दारं अडवून बसल्या, आत बसलेल्या पुरुषांना करार झाल्याशिवाय बाहेर पडू देणार नाही म्हणून. ऑगस्टमध्ये करार झाला. त्यांच्या पुढारी लेमा बोवी यांना २०११ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं.

मी एका मासळीवाल्या बाईंना विचारलं, लढाई शहराजवळ आली हे तुम्हाला कसं कळायचं? रेडिओवरून? त्या म्हणाल्या, रेडिओ उशिरा सांगायचा. कुठल्या रस्त्यानं माल यायचा बंद झाला ते आम्ही बघायचो. त्या बोटांवर एकेक रस्ता मोजून दाखवत होत्या आणि मला तुझी पेन्सिल दिसत होती. त्या रात्री मी टिपणं लिहू शकले नाही.

आई, माझ्या विषयात, म्हणजे लिंगभाव आणि सुरक्षा यांच्या अभ्यासात, सगळ्यात जास्त लिहिलं जातं ते बायकांनी युद्धात काय सोसलं यावर. ते लिहायलाच हवं. युद्धातला बलात्कार हा युद्धाचा ओघानं येणारा भाग नाही, तो गुन्हा आहे, हे न्यायालयांकडून वदवून घ्यायला फार काळ लागला. रवांडाच्या खटल्यात १९९८ साली पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं बलात्काराला वंशसंहाराचा भाग ठरवलं, आणि त्या पीठावर नवी पिल्ले या भारतीय वंशाच्या दक्षिण आफ्रिकी न्यायाधीश होत्या. पण सोसणं हा अर्धाच भाग झाला. बायका युद्ध वाचतात. अंदाज बांधतात, ताडून बघतात, कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं ते ठरवतात. या कामाला हेरांच्या कचेरीत पगार मिळतो. देवळालीत तुम्ही ते दूध तापवता तापवता करत होतात, आणि कुणी तुम्हाला काही विचारलं नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला नीट, पुराव्यानिशी मांडायचंय.

एका परिषदेत मी हे थोडक्यात बोलले तेव्हा एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, हे कुटुंबाचं समाजशास्त्र झालं, सुरक्षेचा अभ्यास नव्हे. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

इथं माझ्या विभागात जगभरच्या लढायांची मोजणी होते. वर्षाला किमान २५ माणसं लढाईत मेली तर तो संघर्ष त्यांच्या यादीत येतो, हजार झाली तर त्याला युद्ध म्हणतात. हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. ती मंडळी एकेक बातमी तपासतात, एकेक मृत्यूची खात्री करतात. सरकारं नाकारतात तेव्हा हेच आकडे उभे राहतात. पण कारगिल आमच्या तक्त्यात एका ओळीत मावतं. आपल्याकडचा अधिकृत आकडा ५२७. तुझ्या वहीत कोण कुठल्या तारखेपर्यंत जिवंत होता याची नोंद आहे. अशी नोंद मला इथल्या कुठल्याच तक्त्यात सापडली नाही.

अजून एक. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला "डुलाली" म्हणतात. तो शब्द आपल्या देवळालीवरून आलाय! मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर कॅम्पात महिनोन् महिने पडून राहायचे आणि त्यातल्या काहींना वेड लागायचं. त्यांच्या वाट बघण्याचा शब्द झाला, शब्दकोशात गेला. त्याच देवळालीच्या लॅम रोडवर तुम्ही बघितलेल्या वाटेचं एका ओळीचंही लिखाण नाही.

बाबांसाठी थोडं. ते विचारतात, तुमच्या त्या ठरावानं काय होतं, कागदच ना? बाबा, ठराव क्रमांक १३२५ ला गेल्याच महिन्यात, ३१ ऑक्टोबरला, पंचवीस वर्षं झाली. स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा यांवरचा सुरक्षा परिषदेचा तो पहिला ठराव. ऑक्टोबर २००० मध्ये परिषदेचं अध्यक्षपद नामिबियाकडे होतं, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये परिषदेत हा विषय काढला होता तो बांगलादेशनं. म्हणजे हे श्रीमंत देशांच्या डोक्यातून आलेलं नाही. तहाच्या टेबलावर बायका हव्यात, असं त्यात लिहिलं आहे. अंमलबजावणी फार कमी होते, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. स्वीडननं २०१४ मध्ये जगात पहिल्यांदा स्त्रीवादी परराष्ट्र धोरण जाहीर केलं आणि २०२२ मध्ये सरकार बदलताच ते नाव सोडून दिलं. पण कागद असला की बोट ठेवून विचारता येतं. पेन्शनच्या कामात तुम्हीच मला हे शिकवलंत.

२०२२ च्या मे महिन्यात तुम्ही मला पेपरचं कात्रण पाठवलं होतं. कॅप्टन अभिलाषा बराक, लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेची (आर्मी एव्हिएशन) पहिली महिला लढाऊ वैमानिक, आणि ते पंख तिला मिळाले आपल्या नाशिकमध्ये. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पाच मुली अधिकारी म्हणून तोफखान्यात आल्या तेव्हा तर तुमचा फोनच आला, रात्री, आवाज भरून आला होता. "आपल्या तोफखान्यात," एवढंच दोनदा म्हणालात. मला त्या मुलींचा अभिमान आहे. फक्त बाबा, तोफेपर्यंत पोचलेली मुलगी दिसते तशी तोफेमागे घरी राहिलेली बाईही दिसली पाहिजे. तिला युद्धाबाहेरची समजू नका. तुम्ही शेजाऱ्यांना माझा विषय "राज्यशास्त्र" असा सांगता, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण एकदा "लिंगभाव आणि सुरक्षा" असं म्हणून बघा. कुणी अर्थ विचारला तर आईची वही सांगा.

आता आई, मुद्द्याचं. ही वही मला पुस्तकासाठी वापरू देशील का?

लगेच हो म्हणू नकोस. तू नाही म्हणालीस तर मी दुसरं पुस्तक लिहीन आणि त्याबद्दल पुन्हा कधी विचारणार नाही. हो म्हणालीस तरी फक्त तुझं हो पुरत नाही, कारण वहीत बाकीच्यांची घरं आहेत. त्यातल्या ज्या काकू नाशिक रोडला, भगूरला आहेत त्यांना तू आधी विचार, मग मी सुट्टीत येऊन प्रत्येकीशी बोलेन आणि लेखी संमती घेईन. इथल्या नियमांप्रमाणे ती लागतेच, पण नियम नसता तरी घेतली असती. नावं, नंबर, युनिट, सगळं बदलेन. एखादीला नको असेल तर तिची ओळ गाळेन. कुणाला पटवायला जाऊ नकोस.

त्या काकूंना मात्र फोनवर विचारू नकोस. जाऊन ये. सकाळी नको, दुपारचं जेवण झाल्यावर जा, बस त्यांच्याजवळ. विषय निघाला तर काढ, नाही निघाला तर तशीच परत ये. आणि तो कोरा रकाना त्यांना दाखवायचा की नाही हे तूच ठरव. ते मला इथून ठरवता येणार नाही.

मामांच्या द्राक्षबागेचं काय झालं ते कळव. पाऊस फार लांबला म्हणत होतीस. दादा-वहिनींना आणि चिमण्यांना आशीर्वाद. बाबांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही.

तुझी,
माधुरी

ता. क. वही पोस्टानं पाठवू नकोस. सगळ्यांचं हो आलं तर दादाला पानांचे फोटो काढायला सांग, खिडकीच्या उजेडात, मागच्या पानापासून. पेन्सिलीचे कंस फिकट झाले असतील. त्यावर पेन फिरवू नकोस.