अंक वाढले म्हणजे तेवढे टक्के वाढले नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'निर्देशांक अमुक अंकांनी वाढला' आणि 'महागाई अमुक टक्क्यांनी वाढली' ही दोन वाक्ये वर्तमानपत्रांत सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात. (निर्देशांक म्हणजे रोजच्या वस्तू-सेवांच्या किमतींची पातळी दाखवणारा आकडा.) एरवी दुर्लक्ष केले असते, पण या गफलतीपायी आमच्या कंपनीत एक पगारवाढ चार महिने अडकून पडली होती, म्हणून लिहितो.

करारात वाक्य असे होते: 'ग्राहक किंमत निर्देशांकातील वाढीइतकी वाढ देण्यात येईल.' सह्या करताना सगळ्यांना ते स्वच्छ वाटले. वर्षभराने निर्देशांक 180 वरून 189 झाला. युनियनने सूचनाफलकावर पत्रक लावले, 9 टक्के वाढ मिळणार. व्यवस्थापन म्हणाले 5 टक्के. ते पत्रक माझ्याच अक्षरातले होते. मी तेव्हा पगारपत्रकांच्या टेबलावर नवीन होतो आणि युनियनच्या समितीवरही होतो. 9 ला 180 ने भागून 100 ने गुणले की 5 येतात, हे मला कळायला हवे होते. 20,000 पगार असलेल्या माणसाला 1,800 सांगून 1,000 हातात पडले, तर त्याला 800 बुडाल्यासारखेच वाटते. त्यानंतर कितीतरी दिवस लोक माझ्याशी तुटक बोलत.

अंकांवर वाढ बांधूच नये असे नाही. 1948 साली अमेरिकेत जनरल मोटर्स आणि तिथल्या मोटार कामगारांच्या संघटनेने केलेल्या करारात निर्देशांक 1.14 अंकांनी वाढला की तासाला एक सेंट, असे सूत्र होते. वादाला जागाच नाही. पण सर्वांना सारखाच सेंट मिळाल्याने जास्त मजुरीच्या कारागिराची भरपाई टक्क्यांत कमी पडते. तसे चालणार असेल तर खुशाल करावे, फक्त काय ठरले ते करारात लिहावे.

खरी मेख दुसऱ्या वर्षी कळते. निर्देशांक पुन्हा 9 अंकांनी वाढून 198 झाला, असे धरू. या वेळी वाढ 5 टक्के नाही, 4.76 टक्के, कारण आता भागायचे 189 ने. ती चालू पगारावर, म्हणजे 21,000 वर द्यायची. पगार होतो 22,000, आणि 180 ते 198 या एकूण 10 टक्के वाढीशी तो बरोबर जुळतो. तीच वाढ मूळ 20,000 वर मोजली तर 21,952 येतात. करारात 'अपूर्णांक सोडून' असे दोन शब्द असले तर 4.76 चे 4 होतात आणि पगार 21,840 वर थांबतो. महिन्याला 160 गेले, आणि पुढची प्रत्येक वाढ त्या कमी आकड्यावर.

सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्यातही अपूर्णांक सोडतात, मग तिथे ओरड का होत नाही? कारण तिथे दर वेळी मागच्या हप्त्यापासून न मोजता 261.42 या ठरलेल्या आकड्यापासून मोजतात, तेही बारा महिन्यांची सरासरी घेऊन. आज सुटलेला अपूर्णांक पुढच्या खेपेला हिशेबात परत येतो. खासगी करार करणारे 'अपूर्णांक सोडून' तेवढे उचलतात आणि पाया ठरलेला असतो ही गोष्ट विसरतात.

कोणता महिना धरायचा, यावरही बरेच अवलंबून असते. एकाच महिन्याचा आकडा धरला तर तो चढा निघेल की उतरता, हे नशिबावर. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाला 1975 पासून आपोआप वाढ मिळते आणि त्यासाठी जुलै ते सप्टेंबरची सरासरी पाहतात. 2008 मध्ये ती सरासरी चढली आणि 5.8 टक्के वाढ मिळाली. पुढे निर्देशांक खाली आला. निवृत्तिवेतन कापले नाही, पण 2010 आणि 2011 साठी वाढ शून्य, कारण तुलना 2008 च्याच उंच सरासरीशी होत होती. निर्देशांक उतरला तर काय करायचे, हे तिथे आधीच ठरलेले होते. आमच्या करारात त्याबद्दल अवाक्षर नव्हते.

शिवाय आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षीच्या किमती 100 धरतात ते वर्ष, बदलते. औद्योगिक कामगारांसाठीचा आपला निर्देशांक 2020 मध्ये 2001 ऐवजी 2016 च्या आधारवर्षावर आला, तेव्हा तीनशेच्या वरचा आकडा शंभराच्या थोडा वर दिसू लागला. नवा आकडा 2.88 ने गुणला की जुन्या मालिकेशी जुळतो. हा जोडगुणक ज्यांच्या करारात नव्हता, त्यांच्या कागदावर महागाई एका रात्रीत निम्म्याहून खाली आली!

निर्देशांक म्हणजे आपल्या घरचा खर्च नव्हे, ही तक्रार मला मान्य आहे. पण त्यावर भांडण्याआधी भागाकार तरी बरोबर हवा.

आपल्याकडे मागणे एवढेच: वेतनकराराची बातमी देताना निर्देशांक कोणता, आधारवर्ष कोणते, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत मोजले आणि वाढ अंकांत की टक्क्यांत, हे एका ओळीत छापावे. ती ओळ कापून सूचनाफलकावर लावता येईल.

आपला,
एक निवृत्त पगार-कारकून