डिझेलच्या कवचातील बॉयलरकडे लक्ष हवे

महोदय,

नेरळ-माथेरान मार्गावरील डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप देण्यात आले, तेव्हा त्याचे सर्वत्र कौतुक झाले. याच्या नेमके उलट, म्हणजे वरून डिझेल पण आतून खरोखर वाफेवर चालणारे छोटे इंजिन कोणी घरी बनवले, की मात्र हौशी मंडळींतलेच काही जण ‘हे सोंग कशाला’ म्हणून नाक मुरडतात. या आक्षेपात मला तथ्य वाटत नाही. अशा मॉडेलच्या सुरक्षिततेविषयीचा खरा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो, म्हणून हे पत्र.

मुळात ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये रेल्वे अभियंते ऑलिव्हर बुलीड यांनी आखलेले ‘लीडर’ हे इंजिन 1949 मध्ये ब्रायटनच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेव्हा दोन्ही टोकांना केबिन, खाली दोन सहाचाकी बोगी (म्हणजे चाकांचे गाडे) आणि पेटीसारखे सरळसोट अंग पाहून ते कोळशावर चालते हे सांगूनही पटले नसते. आतून माणसाला जाता यावे म्हणून बॉयलर मध्यरेषेपासून एका बाजूला सरकवला होता. त्यामुळे वजन एकीकडे झुकले आणि ते सावरायला दुसरीकडे भार घालावा लागला. मधल्या बंदिस्त खोलीत कोळसा घालणाऱ्या फायरमनचे उष्म्याने काय हाल झाले असतील, याची कल्पनाच करावी! 1951 मध्ये ते भंगारात निघाले.

लीडरला छळणारी उष्णतेची अडचण छोट्या मॉडेलमध्येही येते. आपले जुने, अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातले ‘डब्ल्यूडीएम-2’ हे डिझेल इंजिन घ्या. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांतले अंतर, 1676 मिलिमीटरचा. तो 45 मिलिमीटरच्या रुळावर आणायचा तर प्रमाण साधारण 1:37 येते. म्हणजे सुमारे 17 मीटरचे इंजिन 46 सेंटिमीटरचे होते आणि रुंदी आठ सेंटिमीटरही भरत नाही. केबिनच्या एका बाजूच्या लांब हूडखाली (पत्र्याच्या आवरणाखाली) तांब्याचा आडवा बॉयलर छान बसतो, पण बर्नरला हवा कमी पडली की ज्योत विझते किंवा भलतीकडूनच बाहेर येते, आणि पत्र्यावरचा रंग फुगतो. म्हणून रेडिएटरच्या जाळ्या नुसत्या कोरून किंवा रंगवून भागत नाही, त्या आरपार मोकळ्या ठेवाव्या लागतात. बर्नरला लागणाऱ्या ब्यूटेन वायूची टाकी बॉयलरला चिकटून ठेवली तर तापून तिच्यातला दाब वाढतो. तिची जागा केबिनपलीकडे, आखूड हूडमध्ये. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी केबिनमध्ये घेतली, तर ती खिडकीतून वाचता येते. निकास वाफ छतावरच्या मूळ धुराड्याच्या जागीच सोडावी. अल्कोच्या काळ्या धुराची ज्यांना सवय आहे, त्यांना तिथून निघणारा पांढरा लोट पाहून गंमत वाटेल. हे सगळे जुळवणाऱ्या कारागिराला सोंगाडे कसे म्हणावे?

पण कवच बसले की बॉयलर नजरेआड होतो. उघड्या इंजिनावर गळणारा सांधा किंवा अडकलेला सेफ्टी व्हॉल्व्ह पाहणाऱ्याच्या लक्षात तरी येतो, इथे तेवढाही आधार नाही. शिवाय 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी आपल्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे सरकारी निरीक्षक इकडे फिरकणार नाही. ब्रिटनमधील मॉडेल इंजिनिअरिंग क्लबांत नव्या बॉयलरवर कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने पाण्याची चाचणी घेतात. पाणी फारसे दाबले जात नसल्याने सांधा सुटला तरी थोडी गळती होऊन दाब लगेच उतरतो. हवेने किंवा वाफेने हीच परीक्षा घेतली, तर तुकडे अंगावर येऊ शकतात. चौरस सेंटिमीटरला तीन-चार किलोचा दाब ऐकायला किरकोळ वाटतो, पण प्रदर्शनात समोर पहिल्या रांगेत मुले वाकून उभी असतात.

तेव्हा शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि छंद प्रदर्शनांच्या आयोजकांना विनंती आहे, की वाफेवरचे मॉडेल मांडू देण्यापूर्वी त्याचे कवच उतरवून बॉयलर पाहावा, चाचणीची तारीख आणि दाब लिहिलेला कागद मागावा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतो की नाही, हे प्रेक्षक आत येण्याआधी चालवून दाखवायला सांगावे. कागद नसेल, तर मॉडेल थंड अवस्थेतच टेबलावर ठेवू द्यावे.

आपला,
एक हौशी मॉडेलकार, पुणे