‘थे’ अन् डॉलर अंडरस्कोर

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू म्हणाला, "अजून पर्लमध्येच प्रोग्राम लिहून राहिला का बे, मेली ना थे भाषा," अन् तेवढ्यात तुझी मीटिंग लागली. माझं बोलणं तोंडातच राहिलं, म्हणून आता लिहून राहिलो. हरभऱ्याला पाणी द्यायचं आहे अन् लाईन रात्री बाराला येते, तोवर वेळच वेळ आहे.

जिनिंगचा हिशोब मी बघतो हे तुला माहीतच आहे. दिवाळी झाली का गाड्यांची रांग लागते, आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकामीचं, मधला फरक म्हणजे कापूस. काट्यावरचं पोरगं घाईत जसं सुचेल तसं टाइप करते. एकच माणूस सकाळी रामराव, दुपारी रामरावजी, संध्याकाळी नुसतं आडनाव. तारखेत कधी टिंब कधी तिरपी रेघ, क्विंटलच्या जागी कधी किलो. हे सगळं माझी चाळीस ओळींची पर्लची स्क्रिप्ट निवडून काढते, जसे आपण सरकी अन् रुई वेगळी करतो तसंच. लॅरी वॉलनं 1987 मध्ये पर्ल काढली तीच मुळी अशा कामासाठी, मजकुराच्या फायली धुंडाळायच्या अन् रिपोर्ट काढायचा. सी भाषेतून थोडं, आज्ञा टाइप करायच्या शेलमधून थोडं, सेड अन् ऑक या मजकूर चाळायच्या जुन्या हत्यारांतून थोडं, जिथं जे चांगलं दिसलं ते उचललं.

हा माणूस भाषाशास्त्र शिकलेला. तो अन् त्याची बायको अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकत होते तेव्हा बेत असा होता का जिला लिपीच नाही अशी एखादी भाषा गाठायची अन् तिच्यासाठी लिपी तयार करायची. तब्येतीमुळं जाणं झालं नाही. पण माणसं बोलतात कशी हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही, अन् ते पर्लमध्ये जागोजागी दिसते.

आता बघ, आई मला सांगते, "वांगं घे, धू, चीर अन् टाक फोडणीत." वांगं एकदाच म्हटलं, पुढं कोणी वांगं धू, वांगं चीर म्हणते का? पर्लमध्ये तसंच आहे. लूपमध्ये, म्हणजे एकेक ओळ घेऊन तेच काम परत परत करताना, हातात जी ओळ आली ती डॉलर अंडरस्कोर ($_) या नावाच्या जागेत बसते, मग चॉम्प (शेवट छाट) म्हण, स्प्लिट (तुकडे कर) म्हण, प्रिंट (छाप) म्हण, कशाला ते सांगायची गरज नाही, त्याला समजते. मी त्याला मनातल्या मनात ‘थे’ म्हणतो. आपल्याकडे ती बाई पण थे, ते वांगं पण थे, कोणाचं काही अडत नाही.

अन् दुसरं, लग्नाची यादी घे. आचारी विचारते किती, त्याला आकडा पाहिजे. पत्रिका वाटणारा विचारते कोण कोण, त्याला नावं पाहिजे. यादी तीच. पर्लचा अ‍ॅरे, म्हणजे त्यातली यादीच, पण समोर कोण उभा आहे ते पाहून उत्तर देते, एकच आकडा मागितला तर किती ते सांगते, यादी मागितली तर सगळी नावं काढून देते. नवीन माणूस इथं चुकते हे मला मान्य, मीही महिनाभर चुकलो.

1999 मध्ये वॉलनं एक भाषण दिलं, त्यात तो पर्लला पहिली पोस्टमॉडर्न कॉम्प्युटर भाषा म्हणाला. पोस्टमॉडर्न म्हटलं का तुला आपल्या एमएच्या नोट्स आठवत असतील, फ्रेंच विचारवंत ल्योतार, 1979, सगळ्यांना एकाच मापानं मोजणाऱ्या महाकथनांवर विश्वास न ठेवणं वगैरे. तेव्हा मी ते पाठ केलं होतं, कळलं या भाषणातून. एक काम करायचे एकाहून जास्त रस्ते असतात हे पर्लवाल्यांचं ब्रीदच आहे, अन् तुझ्या त्या दुसऱ्या भाषेचे, पायथॉनवाले, म्हणतात उघड रस्ता शक्यतो एकच असावा. तुला दुसरं पटते, टीममध्ये वीस जण आहेत तुझ्या, मी समजू शकतो.

पण गड्या, पाचवीत काय झालं होतं आठवते ना? मी उभा राहून "सर, मले नाही येत" म्हटलं अन् सरांनी "मले नाही, मला" म्हणत हातावर छडी दिली. गणित येत होतं की नाही ते कोणी विचारलंच नाही. पुढं दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही, तू शेजारीच बसत होता. म्हणून जेव्हा वाचलं का पर्लमध्ये थोडंसं, तोडकंमोडकं आलं तरी चालते, लहान लेकरू बोलते तसं लिहा, कोणी हसणार नाही, तेव्हा मला खरंच भरून आलं. भाषा बनवणाऱ्यानं असं म्हणावं, हे मी आधी कुठं पाहिलंच नव्हतं.

याची किंमत नाही असं मी म्हणत नाही. माझ्या आधीच्या माणसाची स्क्रिप्ट समजायला मला अख्खा एक उन्हाळा लागला. अन् पर्ल 6, म्हणजे पर्लच्या नव्या अवताराचं, जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटते. 2000 मध्ये ठरलं का सगळं नव्यानं बांधू, पहिलं पक्कं रूप आलं 2015 च्या नाताळात, 2019 मध्ये नाव बदलून राकू केलं. मधल्या पंधरा वर्षांत लोकं वाट पाहून पाहून दुसरीकडं गेले. जोड देत देत वाढलेली भाषा, तिला एकदम नवं घर बांधायला घेतलं अन् जुन्या घरात राहायला कोणी तयार होईना, मला तरी ते असंच दिसते. पण मेली म्हणू नको. सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या तयार कोडच्या इंटरनेटवरच्या कोठारात, 1995 पासून लोकांनी आपापलं लिहून ठेवलेलं आजही माझ्या कामी येऊन राहिलं, तारखांचं मॉड्यूल (तयार तुकडा) मी तिथूनच घेतलं.

स्क्रिप्ट तुला मेल केली आहे, सोबत मागच्या सीझनच्या पावत्यांची फाईल पण, नावं बदलून. तुझ्या पायथॉनमध्ये लिहून पाठव, दोन्ही एकाच फाईलवर चालवून बघू. नावं जुळवायचा भाग मधोमध आहे, तिथं सावकाश जा, जी अन् राव दोन्ही गाळले तर दोन वेगळे माणसं एक होऊन जातात, मागच्या वर्षी एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर दिसले अन् मी त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

लाईन आली वाटते, मोटरचा आवाज येऊन राहिला. निघतो.

तुझाच